खाजेचं घोडं कुठं पेंड खातं?

(घोडे पाळणाऱ्या सभासदांसाठी)

आपल्या पत्रिकेत ऊस, खत, पाणी आणि दुभती जनावरे यांच्यावर नेहमी लिहून येते. घोड्यावर मात्र क्वचितच. ‘साखर कारखान्याच्या अंकात घोड्याचं काय काम?’ असे एखादा सभासद विचारीलही. पण जरा आजूबाजूला पाहा. लग्नसराईत वरातीला लागणारा घोडा कुणाच्या तरी दारातच बांधलेला असतो. मेंढरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टे उसाच्या बांधाबांधानेच पुढे जातात. शर्यतीच्या नादाने किंवा नुसत्या हौसेने घोडी सांभाळणारेही गावोगाव आहेत. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आजही भरतो. आपल्या भीमथडी घोड्याची तर आता देशातल्या नोंदणीकृत जातींत गणना होते. तेव्हा घोडा अजून आपल्यातून गेलेला नाही.

या घोडेवाल्यांची एक तक्रार नेहमीची आहे. पावसाळा लागला की जनावर अंग घासू लागते. भिंत, खांब, बाभळीचे खोड, जे सापडेल त्यावर आयाळ आणि शेपटीचे मूळ रगडते. केस झडतात, कातडी जाड होते, सुरकुत्या पडतात, रक्त येते, त्यावर माशा बसतात. वरातीच्या घोड्याची शेपूट अशी उंदराच्या शेपटीसारखी झाली, की त्याला कुणी बोलावीत नाही. बाजारात नेला तर गिऱ्हाईक आधी शेपूट उचलून बघते आणि निम्म्या किमतीवर येते. एका घराचा हंगाम त्यावर अवलंबून असतो, म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो, ‘हरभऱ्याची उष्णता झाली.’ कुणी म्हणतो, ‘रक्त बिघडलंय, गूळ बंद करा.’ कुणी गाडीचे जळके ऑइल चोपडतो. यातल्या ऑइलचा मार्ग तर सरळ सोडून द्यावा, कारण त्याने आधीच चिडलेली कातडी भाजते आणि घोडा ते चाटतोही. राहता राहिला चारा. चाऱ्याने घोड्याची खाज कमी होते का? थोडक्यात उत्तर असे : होते, पण सगळी नाही आणि लगेच नाही. चारा कातडीला बळ देतो, खाजेचे मूळ तो उपटत नाही. हे दोन्ही ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आधी खाज कशाची ते ओळखा

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे होऊ नये. खाज कुठे आहे, केव्हा सुरू होते आणि एकाच जनावराला आहे की सगळ्यांना, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा.

केवळ शेपटीचे मूळ घासत असेल आणि गुदद्वाराभोवती पिवळट पांढरा चिकट थर दिसत असेल, तर पोटातल्या जंतांवर संशय घ्यावा. या जातीच्या जंताची मादी बाहेर येऊन तिथे अंडी घालते, म्हणून ती जागा खाजते. यावर जंताचे औषध हवे, चारा बदलून उपयोग नाही.

थंडीत केस वाढल्यावर आयाळीच्या मुळाशी बारीक उवा किंवा लिखा दिसल्या, तर तो उवांचा उपद्रव. केस गोल गोल चकत्यांनी जात असतील आणि एका खराऱ्याने साफ केलेल्या दोनतीन घोड्यांना ते झाले असेल, तर तो बुरशीचा नायटा. अशा वेळी प्रत्येक जनावराचा खरारा आणि झूल वेगळी ठेवावी आणि आपले हात साबणाने धुवावेत, कारण हा नायटा माणसालाही होतो.

पाय किंवा अंगावर दोरीसारख्या ओळीने गाठी उठून फुटत असतील, नाकातून चिकट स्राव येत असेल, तर हात न लावता ताबडतोब सरकारी पशुवैद्यकांना कळवा. ते ग्लँडर्सचे लक्षण असू शकते. हा रोग माणसाला लागतो आणि जिवावर बेततो. २००६ मध्ये तो आपल्या महाराष्ट्रातल्या घोड्यांत आढळला होता. एक मात्र सांगून ठेवतो. २०२२ साली गाई-बैलांत लम्पीची मोठी साथ आली, तेव्हापासून कातडीवर काही दिसले की लोक लम्पीचे नाव घेतात. लम्पी हा गाई-म्हशींचा रोग आहे, घोड्याचा नाही.

आता, ही सगळी कारणे वजा केल्यावर जी खाज उरते, दरवर्षी पावसाळ्यात येते, थंडीत कमी होते, आयाळ आणि शेपूट धरते, आणि शेजारच्या घोड्याला नसतानाही एकालाच होते, ती बहुधा चिलटांची.

चिलटाची खाज

चिलट म्हणजे डासाहून कितीतरी लहान, टाचणीच्या डोक्याएवढी माशी. ती चावते तेव्हा आपली लाळ कातडीत सोडते. बहुतेक घोड्यांना त्याचे काही वाटत नाही. काही घोड्यांचे शरीर मात्र त्या लाळेला शत्रू समजून भडकते. मग एका चाव्यापायी घोडा चोवीस तास अंग घासत राहतो. माणसात जसे एकाला शेंगदाणा खाल्ला की अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, तसाच हा प्रकार.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात आपल्यासारखाच ऊस पिकतो. तिथल्या घोड्यांना ही खाज इतकी होई, की तिचे नावच ‘क्वीन्सलंड इच’ पडले. १९५० च्या दशकात तिथल्या रीक या संशोधकांनी दाखवून दिले, की ही चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आहे. दुसरे उदाहरण आइसलंडचे. त्या थंड बेटावर घोड्याला चावणारी ही चिलटे पिढ्यान्‌पिढ्या नव्हती. तिथले घोडे तिथे असतात तोवर ठणठणीत असतात. तेच विकले जाऊन युरोपच्या मुख्य भूमीवर चिलटांच्या मुलखात आले, की त्यांच्यातले पुष्कळसे खाजेने हैराण होतात. युरोपात जन्मलेल्या त्याच जातीच्या शिंगरांना हा त्रास पुष्कळ कमी होतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की खाजेचे मूळ चिलटाच्या चाव्यात आहे, हरभऱ्याच्या उष्णतेत नाही.

आपल्या बागायती भागात चिलटांना काय तोटा? पाटाची गळती, उसाच्या सरीतला चिखल, ओला उकिरडा, गोबरगॅसच्या खड्ड्याकाठची दलदल, ही सगळी त्यांची बाळंतिणीची खोली. तेव्हा चाऱ्याकडे वळण्याआधी एवढे करावेच. उकिरडा घोड्याच्या ठाणापासून लांब न्यावा. ठाणाजवळ पाणी साचू देऊ नये. चिलटे सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना जास्त चावतात, म्हणून त्या वेळी घोडा आत बांधावा. चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही, तेव्हा ठाणात एक साधा पंखा लावला तरी मोठा फरक पडतो. वायर मात्र घोड्याच्या तोंडाला लागणार नाही अशी घ्यावी. पातळ सुती झूल पाठ, मान आणि शेपटीच्या मुळापर्यंत घालावी. एवढे केल्यावर चाऱ्याची बाजू सांभाळली, तर तिचा गुण दिसतो. हे न करता नुसता चारा बदलला, तर गळक्या हौदात पाणी ओतल्यासारखे होईल.

चारा कातडीला काय देतो

कातडी आणि केस हे काही वरून चिकटवलेले नसतात, ते खाल्लेल्या अन्नातूनच तयार होतात. प्रथिने कमी पडली तर केस निस्तेज होतात आणि उशिरा येतात. जस्त आणि तांबे कमी पडले तर कातडी कोरडी, खवलेदार होते, जखम भरायला वेळ लागतो. हिरवा चारा मिळाला नाही तर अ आणि ई जीवनसत्त्वे कमी पडतात. आणि अन्नातली स्निग्धता कोणत्या जातीची आहे, यावर कातडीचा दाह वाढणार की निवणार हे काही अंशी ठरते.

ही शेवटची गोष्ट जरा समजावून घेऊ. तेलातल्या स्निग्ध पदार्थांत ‘ओमेगा-सहा’ आणि ‘ओमेगा-तीन’ अशा दोन जाती आहेत. दोन्ही शरीराला लागतात. पण दाह वाढवणारी द्रव्ये बरीचशी पहिल्या जातीपासून बनतात, आणि दुसरी जात त्यांना आवर घालते. हिरव्या गवतात स्निग्धता थोडीच असते, पण त्यात ओमेगा-तीनचा वाटा मोठा असतो. घोडा मोकळ्या कुरणात चरत असेल तर त्याला ती आपोआप मिळते. तोच घोडा ठाणाला बांधला, कडबा, मका आणि हरभरा यांवर ठेवला, की ओमेगा-तीन आटते. वर तजेला यावा म्हणून करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल पाजले, तर केस चकाकतात खरे, पण त्या तेलांत बहुतेक ओमेगा-सहाच असते. खाजेच्या घोड्याला त्याचा उपयोग नाही.

जवस : गुण किती, भरवसा किती

ओमेगा-तीन देणारे आपल्याकडचे सर्वांत सोपे धान्य म्हणजे जवस, ज्याला कुणी अळशी म्हणतात. आपण त्याची चटणी खातो. जवसात साधारण ४० टक्के तेल असते आणि त्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-तीनचा असतो.

याची घोड्यावर परीक्षाही झालेली आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात चिलटांची ॲलर्जी असलेल्या सहा घोड्यांना ४२ दिवस दळलेले जवस दिले. प्रमाण होते दर किलो वजनाला सुमारे एक ग्रॅम. मग चिलटांचा अर्क कातडीत टोचून पाहिला, तेव्हा उठणारी गांधी जवस खाल्लेल्या काळात लहान होती. हे काम २००२ साली प्रसिद्ध झाले. पण त्याआधी, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत ओमेगा-तीनची तेले भरपूर देऊनही खाजेत ठाम फरक दिसला नव्हता. तेव्हा जवस म्हणजे रामबाण, असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका. सहा घोडे म्हणजे काही मोठी फौज नव्हे. पण वस्तू स्वस्त आहे, घरची आहे, आणि नीट दिली तर अपाय नाही, म्हणून करून पाहण्यासारखी आहे.

नीट देणे म्हणजे काय, ते सांगतो.

जवस अख्खे देऊ नये. दाणा गुळगुळीत असतो, तो न चावता तसाच लिदीतून बाहेर पडतो. ते रोजच्या रोज भरडून लगेच चंदीत मिसळावे. आठवड्याचे एकदम दळून ठेवले तर तेल खवट होते.

जवस भिजत घालून रात्रभर ठेवू नये. कच्च्या जवसात असे द्रव्य असते, की कोमट पाण्यात भिजत राहिल्यास त्यातून विषारी वायू सुटतो. भिजवायचे असेल तर उकळत्या पाण्यात टाकून चांगले शिजवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

सुरुवात ३० ग्रॅम भरडीपासून करावी. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत अडीचशे-तीनशे किलोच्या घोड्याला १५० ते २०० ग्रॅमपर्यंत न्यावे. लीद पातळ झाली तर माप कमी करावे.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट. रंगाच्या दुकानात अळशीचे तेल म्हणून जे मिळते, ते लाकडाला लावायचे असते. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते जनावराच्या पोटात कदापि जाऊ देऊ नये. जवसाच्या पेंडीतूनही तेल बरेचसे निघून गेलेले असते. प्रथिनासाठी ती चांगली, पण खाजेच्या उपायासाठी दाणाच हवा.

वाढे, कोंडा आणि चुना

आपला भाग उसाचा. गळीत सुरू झाले की वाढे मुबलक. बैल आणि म्हशी त्यावर पोसतात, मग घोड्यालाही तेच टाकले जाते. इथे मात्र घोडे खरोखरच पेंड खाते.

वाढ्यात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. बैलाच्या पोटातले जिवाणू ते द्रव्य बऱ्याच अंशी मोडतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या लहान आतड्यात चुना शोषला जायचा, तो तसाच बाहेर जातो. नेपियर आणि गिनी गवताचीही हीच तऱ्हा. त्यात भर म्हणून गव्हाचा कोंडा तोबरा भरभरून दिला, तर कोंड्यात स्फुरद फार आणि चुना नावाला, त्यामुळे शरीर हाडांतला चुना ओढून काढते. जबड्याची हाडे फुगतात, घोडा लंगडतो. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग होई, कारण त्यांच्याकडे कोंडा भरपूर असे.

‘पण हे हाडांचं झालं, खाजेचा काय संबंध?’ असे कुणी म्हणेल. संबंध असा की, खाजेसाठी चंदी कमी करा म्हटले की लोक पहिल्यांदा कोंडाच वाढवतात, आणि जवसातही चुन्यापेक्षा स्फुरद जास्त असते. एक दुखणे काढताना दुसरे आत घ्यायचे नाही. म्हणून घोड्याला वाढे हा मुख्य चारा म्हणून देऊ नये. तोंडात बदल म्हणून थोडे चालेल. मारवेलसारखे बांधावरचे गवत, वाळलेले असो की हिरवे, घोड्याला सर्वांत मानवते. रोज थोडा लसूणघास दिला तर चुना, प्रथिने आणि जीवनसत्त्वे तिन्ही मिळतात. ज्वारीचा पक्व कडबा बारीक कुट्टी करून द्यावा, पण कोवळी हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत घोड्याला घालू नये. त्याने मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होऊ शकतात. कुबट वासाचा, बुरशी आलेला, धुळीचा चारा तर खाजेच्या आणि दम्याच्या घोड्यासमोर ठेवूच नये.

आता जस्त-तांब्याचे. आपल्या जमिनीत जस्त कमी आहे हे ऊस करणाऱ्याला सांगायला नको. पाने पिवळी पडली की आपण झिंक सल्फेट टाकतोच. जमिनीत नाही ते वैरणीत कुठून येणार? घोड्याला दर किलो कोरड्या चाऱ्यामागे साधारण ४० मिलिग्रॅम जस्त आणि १० मिलिग्रॅम तांबे लागते. ते चांगल्या क्षार-मिश्रणातून द्यावे. शेताचे झिंक सल्फेट आणून चिमूटभर टाकायचा उद्योग मात्र करू नये. चिमूट प्रत्येकाची वेगळी असते.

मळी, गूळ आणि हरभरा

मळीने किंवा गुळाने खाज सुटते, असे सिद्ध झालेले नाही. पण गोड आणि धान्य जास्त झाले की घोडा लठ्ठ होतो, पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होऊन तो पाय टाकेनासा होतो. खाजेने झोप उडालेल्या जनावराला हे आणखी संकट कशाला? औषध किंवा क्षार खपवण्यासाठी चमचाभर मळी लावली तर हरकत नाही. बादलीने नको.

हरभऱ्यावरचा आळही बहुतेक वेळा खोटा असतो. चंदीतल्या धान्याची खरी ॲलर्जी घोड्यात क्वचित आढळते. आढळते तेव्हा बहुधा सगळ्या अंगावर गांधी उठतात, आणि ती पावसाळा-हिवाळा बघत नाही. शंका असेल तर तोडणे सोपे आहे. चार ते सहा आठवडे चंदी पूर्ण बंद करून एकाच जातीचे चांगले गवत, पाणी आणि मीठ द्यावे. या काळात घोड्याला जड काम देऊ नये. खाज थांबली, तर एकेक धान्य आठवड्याच्या अंतराने पुन्हा सुरू करावे. ज्या धान्याने गांधी परत उठतील ते दोषी. न उठल्या तर हरभरा निर्दोष सुटला असे समजावे.

बैलाचे खाद्य घोड्याला नको

हा परिच्छेद घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वैरणकाडी करणाऱ्या गड्याला वाचून दाखवा. काही तयार पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाई-बैलांना आणि कोंबड्यांना ते चालते. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने मरतात. बैल जेवढे सहज पचवतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही घोडा दगावू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. ‘केस झडलेत, जरा ताकदीचं द्या’ म्हणून गोठ्यातल्या पोत्यातले ओंजळभर खाद्य तोबऱ्यात टाकले, आणि जनावर गेले, असे व्हायला वेळ लागत नाही. पोत्यावरची चिठ्ठी वाचावी, आणि कळले नाही तर ते पोते घोड्यासाठी नाहीच असे समजावे. दोन्हींच्या पाट्या आणि मापेही वेगळी ठेवावीत.

रोजचा हिशेब

घोड्याचे वजन माहीत नसेल तर शिंप्याच्या फितीने काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० आली, तर वजन सुमारे २६५ किलो.

अशा मध्यम कामाच्या घोड्याला दिवसाकाठी साधारण असा चारा बसतो :

वाळलेले गवत किंवा कडब्याची कुट्टी : साडेचार ते पाच किलो, तीन-चार वेळा विभागून.
हिरवा लसूणघास : तीन ते चार किलो, थोडा सुकवून.
भरडलेला हरभरा किंवा सातू : एक किलो, दोन वेळा मिळून. काम नसेल त्या दिवशी निम्मा.
जवस भरडून : १५० ग्रॅमपर्यंत, वर सांगितल्याप्रमाणे वाढवत.
मीठ : १५ ते २० ग्रॅम. उन्हात घामाचे काम असेल तर याच्या दुप्पट.
घोड्यासाठीचे क्षार-मिश्रण : पशुवैद्यक सांगतील तेवढे.
स्वच्छ पाणी : हवे तेवढे, हौद रोज धुऊन.

कोणताही बदल एकदम करू नये. जुना चारा कमी आणि नवा जास्त, असे दहा-बारा दिवसांत सावकाश करावे. घोड्याचे पोट फार हळवे असते.

आठ आठवडे धीर धरा

पी हळद आणि हो गोरी, असे कातडीचे नसते. नवे केस मुळातून येऊन दिसायला आठवडे लागतात. ग्वेल्फच्या परीक्षेलाही ४२ दिवस लागले होते. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सुरुवातीच्या तारखेला खूण करा. दर रविवारी शेपटीच्या मुळाचा आणि आयाळीचा एक फोटो मोबाइलवर, त्याच जागी उभे राहून काढा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही, फोटोला कळतो. आठ आठवड्यांनी फरक नसेल, तर फोटो घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. डॉक्टरांनाही तो पुरावा उपयोगी पडतो.

सर्वांत चांगले म्हणजे खाज सुरू होण्याआधीच तयारी करावी. पावसाळ्यात त्रास होणाऱ्या घोड्याला जवस आणि क्षार एप्रिलअखेर सुरू करावेत, म्हणजे पहिल्या सरीबरोबर चिलटे उठतील तेव्हा कातडी तयार असेल. झूल शिवून ठेवायची तीही तेव्हाच. वरातीमागून घोडे, हे निदान घोड्याच्या बाबतीत तरी होऊ नये.

आणि एक विचार खरेदीचा. अशी खाज वंशातूनही उतरते. ज्या घोडीला दरवर्षी ती होते, तिच्या पोटी शिंगरू घेण्याआधी विचार करावा. बाजारात घोडा घेताना शेपटीच्या मुळाशी बोटे घालून कातडी जाड किंवा सुरकुतलेली आहे का ते चाचपावे. हिवाळ्यात केस आलेले असतात, कातडीवरची खूण मात्र लपत नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाला नुसते खत घालून भागत नाही. बेणे, पाणी, कीड आणि खत यांची सांगड घातली तरच टनेज पडते. घोड्याच्या कातडीचेही तेच आहे. चिलटे आवरा, जंत आणि उवा काढा, गवत चांगले द्या, जवस मापात द्या, आणि बैलाचे पोते घोड्यापासून लांब ठेवा. जनावर बोलत नाही, पण अंग घासून सांगत असते. ते खांब मोडायच्या आत आपण ऐकले पाहिजे.